सोलितेरला तिसरी हाक

१

आमच्या पेतित-बुत गावात संध्याकाळी हाका मारायची पद्धत आहे. दिवस कलला की एकेका अंगणातून बायका दगडी गडग्याशी येतात आणि आपापल्या माणसांना जेवायला बोलावतात. मोबाइल आता सगळ्यांच्या खिशात आहेत, पण हाका थांबलेल्या नाहीत. प्रत्येक घराची हाक वेगळी. शेजारची फ्लोरीन नाव मधेच तोडते. तिच्या पलीकडची म्हातारी नुसतं 'ओऽऽ' करते आणि तिच्याच घरची माणसं बरोबर उठतात. माझी बायको क्लेमांस नाव लांबवायची. शेवटच्या अक्षरावर तिचा आवाज वर चढायचा आणि तिथेच थांबायचा.

"सोलितेऽऽर!"

हे आमच्या मुलाचं नाव. बाप्तिस्म्याचं नाव लुई-मार्सेलँ, पण ते कागदावर. आमच्याकडे कागदावरच्या नावाने कुणी कुणाला ओळखत नाही. मी शाळेत शिकवतो म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. त्याआधी मी 'रताळं' होतो, आणि माझ्याबरोबर शिकलेले काही जण अजून तेच म्हणतात.

मुलगा चालायला लागला तेव्हा पोट पुढे काढून, हात मागे टाकून, मान उंच धरून चालायचा. क्लेमांसचा भाऊ नोएल लाकडाचे सोलितेर पक्षी कोरतो आणि विमानतळाबाहेर पर्यटकांना विकतो. तो म्हणाला, "हे बघा, माझं दुकान पायांनी चालत आलं." त्या दिवसापासून पोरगा सोलितेर झाला. नोएल त्याचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, त्यामुळे नावावर कुणी हरकत घेतली नाही.

सोलितेर म्हणजे एकटा. हा आमच्या रॉद्रिग बेटावरचा पक्षी, मॉरिशसच्या डोडोचा लांबचा भाऊ. त्याला उडता यायचं नाही. जगात दुसरीकडे कुठेच नव्हता आणि आता इथेही नाही. अडीचशे वर्षं होऊन गेली. गुहांमधून हाडं सापडतात, तेवढंच.

मुलगा शाळा संपवून मॉरिशसला कामाला गेला आणि तिथे एका इमारतीच्या परांचीवरून पडला. रेडिओवर निधनाच्या बातम्या वाचतात, त्यात निवेदिकेने आधी कागदावरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "म्हणजेच पेतित-बुतचा सोलितेर." त्या दुसऱ्या वाक्याला फ्लोरीनच्या घरात भांडं पडल्याचा आवाज आला.

पुरल्यानंतर नऊ दिवस घरात प्रार्थना झाल्या. त्या संपल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. गावात हाका सुरू झाल्या. क्लेमांस चुलीपासून उठली, हात पुसले, गडग्याशी गेली आणि तिने हाक मारली. जरा थांबून पुन्हा एकदा मारली. मग आत येऊन मक्याच्या कण्या ढवळू लागली.

बाहेर बाकीच्या सगळ्या हाका बंद पडल्या होत्या.

२

माणसाला तो मेल्याचं सांगावं लागतं, असं आमच्याकडे मानतात. शवपेटी खाली सोडली की माती लोटण्याआधी धर्मपिता कबरीच्या काठाशी उभा राहतो आणि घरच्या नावाने तीन हाका मारतो. पहिल्या दोन नुसत्या बोलावण्याच्या. तिसऱ्या हाकेला सांगायचं असतं: अमक्या, तू गेलास, आता इकडे येऊ नकोस. सांगून झालं की मागे न बघता निघायचं. चर्चला हे पसंत नाही, पण आमचे जुने फादर नेमके त्याच वेळी चष्मा पुसायला घ्यायचे.

सोलितेरच्या दिवशी सगळंच बिघडलं. चक्रीवादळाचा दुसरा इशारा लागला होता. पेटी घेऊन येणारं विमान उशिरा उतरलं. नोएल बेटाच्या दुसऱ्या बाजूला, पोर मातुरँ बंदरात अडकला. ओढ्याला पाणी चढल्यामुळे बसच निघाली नाही. फादर नवे होते, दुसऱ्या देशातून आलेले. हाका मी मारू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी नाव काय ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर पाखराचं नाव कशाला?" पाऊस तिरपा येत होता. लोकांना घरी जाऊन छपरं बांधायची होती. माती लोटली गेली.

पेटी शिसं ओतून बंद केलेली होती. आम्ही आत पाहिलं नाही.

"त्याला कुणी सांगितलंच नाही," क्लेमांस म्हणायची. "लुई-मार्सेलँ नावाच्या कुणाला तरी पुरून आले. त्या नावाला तर हा शाळेतसुद्धा ओ द्यायचा नाही."

तिची मोठी बहीण एदमे तेव्हा रोज दुपारनंतर येऊन बसायची. एदमे तोंडाने फटकळ आहे.

"मग जा ना कबरीवर आणि सांग. इथे कोंबड्यांना काय ऐकवतेस?"

"तिथे तो नाहीये, ताई."

"आणि इथे आहे?"

"इथली हाक त्याला ऐकू येते. लहानपणापासून इथूनच मारत आलेय."

"बरं बाई, इथून मार. पण मग तिसरी मार आणि मोकळी हो. रोज दोन मारतेस आणि शेपूट घालून आत येतेस. अख्खं गाव मोजतंय."

क्लेमांस घेवडा निवडत राहिली. एदमेने माझ्याकडे पाहिलं. मीसुद्धा मोजत होतो.

३

तो आवाज पहिल्यांदा कधी आला ते मला सांगता येणार नाही. लक्षात आलं तेव्हा तो माझ्या ओळखीचा झालेला होता.

पत्र्याच्या डब्यात सुके दाणे घालून कुणी हलवावा तसा तो होता. हळू सुरू व्हायचा, वेग घ्यायचा, एका वेगाला आला की तसाच चालायचा आणि मग एकदम बंद व्हायचा. गडग्यापलीकडे घळ आहे, तिथे ताडाची जुनी झाडं आहेत. आवाज तिकडून यायचा. क्लेमांसची दुसरी हाक संपली की थोड्या वेळाने.

मी खुराड्याच्या पत्र्याला नवे खिळे मारले. ऑक्टोपस वाळत घालायच्या काठ्यांवर रिकामे हूक लोंबत होते, ते काढून ठेवले. फ्लोरीनकडे जाऊन विचारलं, की सेगा नाचाच्या तालमीसाठी तुमच्याकडे कुणी खुळखुळा वाजवतं का.

"तुमच्या घरात दुःख असताना आम्ही वाजवत बसू? काहीतरीच तुमचं, मास्तर," ती म्हणाली. मी निघालो तेव्हा तिने मागून विचारलं, "पण मग तुमच्याकडे कोण आलंय? मला वाटलं, पाहुणं आहे."

"कुणी नाही आलं."

"बरं," ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं. दिवसा ती दार लावत नाही.

त्यानंतर पानं दिसू लागली. गडग्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, ताडाची सुकी पानं एकावर एक रचलेली. मी ती उचलून खुराड्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच होती. ढीग गुडघ्याच्या वर आला होता आणि वरून दाबून मधे खोलगट केला होता. भोवतालची जमीन गोल तुडवून गुळगुळीत झाली होती. कोंबड्या त्या बाजूला फिरकत नव्हत्या.

"तू रचलीस?" मी क्लेमांसला विचारलं.

"मी कशाला रचू?"

"मग कुणी?"

"त्यालाच विचार," ती म्हणाली. आजची बस उशिरा आहे, हे सांगावं तितक्याच सहज.

ती झोपेत उठून रचत असेल, असं मी ठरवलं. दुःखात माणसं काय काय करतात हे मी वाचलेलं आहे. तिच्या हातांवर पानांच्या काट्यांचे ओरखडे शोधले. नव्हते.

तिचं जेवण त्याच सुमारास तुटलं. आधी कण्या ताटात राहू लागल्या, मग मासा, मग ती ताटच घेईना. "भूक नाही," एवढंच म्हणायची, रागाने नाही की हट्टाने नाही. कामं मात्र सगळी करत होती.

४

सहावीच्या वर्गाला मी दर वर्षी सोलितेरचा धडा शिकवतो. त्या वर्षी तो टाळता आला असता, पण मुलांना पाठ कोणता ते माहीत असतं आणि मी तो टाळल्याचं त्यांच्या घरी गेलं असतं.

मी फळ्यावर चित्र काढलं. लांब मान, जड अंग, छोटे पंख. पंखाच्या सांध्यावर हाडाची एक गोल गाठ, गोटीएवढी. पंख फडफडवून तो त्या गाठीने आवाज करायचा, लांबवर ऐकू जाईल असा. ताडाची पानं रचून त्या ढिगावर अंडं घालायचा. मग धड्यातला तो भाग आला, जो मुलांना दर वर्षी लक्षात राहतो. सोलितेर पकडला की ओरडायचा नाही, डोळ्यांतून पाणी गाळायचा. खायला दिलेलं घ्यायचा नाही. असाच मरायचा. एका जुन्या प्रवाशाने हे लिहून ठेवलं आहे.

"मग सोडून द्यायचं ना त्याला," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"तुझा आजा सोडेल का? कोंबडी सोडत नाही तो," दुसऱ्याने टोला दिला. वर्ग हसला.

पुढच्या बाकावरच्या मुलीने कंपासपेटी उचलून खडखड वाजवली. "मास्तर, असा आवाज यायचा?"

"नाही," मी म्हणालो. "सुरुवातीला याहून हळू. मग वेग धरतो."

मुलीने पेटी खाली ठेवली.

"तुम्हाला कसं माहीत, मास्तर?"

मी फळा पुसला आणि त्यांना गणितं घातली.

घरी आलो तेव्हा क्लेमांस दारात बसून घेवडा सोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. श्वास नेहमीचा, हात नेहमीच्या वेगाने चाललेले, चेहऱ्यावर काही नाही. पाणी हनुवटीवरून परातीत पडत होतं आणि ती सोललेले दाणे त्याच परातीत टाकत होती.

"क्लेमांस, रडतेयस."

तिने गालाला हात लावून पाहिला. "हो की," ती म्हणाली.

५

एदमे तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्याने सांगितलं, आठवडाभरात खायला लागल्या नाहीत तर नळी घालावी लागेल, आणि नळीने भागलं नाही तर मॉरिशसला पाठवावं लागेल.

"मॉरिशसला पाठवलेलं आमच्याकडे पेटीतून परत येतं," क्लेमांस त्याला म्हणाली.

परतताना बसमध्ये एदमे माझ्या शेजारी बसली. पुढच्या बाकावर क्लेमांस खिडकीला डोकं टेकून होती. मानेची हाडं मोजता आली असती.

"भाऊजी, एक गेला," एदमे हळू आवाजात म्हणाली. "ही पण जाणार आणि तुम्ही वह्या तपासत बसणार. कुणीतरी ती तिसरी हाक मारा एकदाची. मला त्यातलं काही खरं वाटत नाही. पण तिला वाटतं ना? मग मारा."

हे मला पटलं. यात कुठे काही मानायचा प्रश्नच नव्हता. बायकोचं अन्न एका राहिलेल्या रिवाजावर अडलं होतं, तर तो रिवाज उरकायचा.

मी नोएलला निरोप पाठवला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, रमची बाटली आणि सुका ऑक्टोपस घेऊन. क्लेमांस आत पडली होती. आम्ही अंगणात खुर्च्या टाकल्या. पानांच्या ढिगाकडे त्याने एकदा पाहिलं आणि खुर्ची वळवून त्याकडे पाठ केली. मग काही वेळाने पुन्हा सरळ करून घेतली.

"तू धर्मपिता आहेस," मी म्हणालो. "तुझं काम आहे ते."

"होतं. त्या दिवशी होतं. आता तीन महिने झाले, मास्तर. ही बाई रोज संध्याकाळी दोन-दोन हाका मारतेय. मी जाऊन तिसरी मारली आणि ओ दुसऱ्यानेच दिली तर?"

"दुसरं कोण देणार?"

"ते तू सांग. शिकलेला तू." त्याने पिशवीतून एक कोरलेला सोलितेर काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हा बघ. याची मान बघ."

मान एका बाजूला वळलेली होती. चांगलं काम होतं.

"छान आहे."

"छान काय? गिऱ्हाईक विचारतं, सगळे एकाच बाजूला का बघतात? मी सरळच सुरू करतो. पंचवीस वर्षं सरळच कोरतोय. संपवून बघतो तर हे असं. कुणी मागून बोलावलं की वळवतो ना आपण, तशी."

मी पक्षी त्याला परत दिला. तो त्याने घेतला नाही, म्हणून मी खाली ठेवला.

"तुझे हात म्हातारे झालेत, नोएल."

"असतील. तसं असेल तर बरंच आहे."

तेवढ्यात घळीतून आवाज आला. ऊन होतं. गावात हाका सुरू व्हायला अजून खूप वेळ होता. हळू सुरू झाला, वेग धरला. नोएलने आतल्या दाराकडे पाहिलं.

"तिने हाक मारली?"

"नाही. आज अजून मारली नाही."

तो उठला. टोपी घातली. "जे करायचं ते लवकर कर," तो म्हणाला. "आणि तूच कर. बाप आहेस, तुला चालतं."

बाटली तो विसरला. नोएल बाटली विसरलेला मी कधी पाहिला नव्हता.

६

शनिवारी सकाळी मी कब्रस्तानात गेलो. क्लेमांसला सांगून गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, म्हणाली, "त्याच्याशी नीट बोल."

आमचं कब्रस्तान समुद्राला लागून आहे. वाळू, लोखंडी क्रूस, प्लास्टिकची फुलं, आणि काठाने सुरूची झाडं. ओहोटी होती. दूर उथळ पाण्यात बायका टोकदार सळया घेऊन ऑक्टोपस शोधत होत्या. सूर्य डोक्यावर येत होता. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं, उलट मला अवघडल्यासारखं होत होतं, वर्गात गाणं म्हणायची वेळ आल्यावर होतं तसं.

कबरीची माती बसली होती. मी काठाशी उभा राहिलो आणि हाक मारली. तो गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. पहिल्या वेळी आवाज फुटला. पाण्यातली एक बाई कंबर सरळ करून माझ्याकडे बघू लागली. मी दुसरी हाक मारली. ती चांगली लागली.

मग आवाज आला. घळीतून येतो त्याहून जवळून.

सुरूची सुकी फळं वाऱ्याने आपटत असतील, असं मनात आलं. वारा नव्हता. पाण्यातल्या बाईने दोन्ही हातांनी स्कर्ट गोळा केला आणि ती बाकीच्यांकडे घाईने चालू लागली.

सुरूच्या दोन खोडांमध्ये राखाडी-तपकिरी असं काही होतं. मला ती सावली वाटली. पण त्या वेळी सगळ्या सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा झालेल्या होत्या. ते माझ्या छातीएवढं उंच असेल. वरचा भाग मानेसारखा होता. एका बाजूला खांद्याखाली काहीतरी जोराने हलत होतं, इतक्या जोराने की दिसत नव्हतं, आणि ते हलायचं थांबलं तेव्हा आवाज थांबला.

चेहऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मी तो पुरता पाहिला नाही. डोळ्याखाली ओलं होतं. ते ओलं खाली पसरत होतं.

ते खोडांमधून दोन पावलं पुढे आलं. पोट पुढे काढून, मान उंच धरून. त्या चालण्यावरून मी ओळखलं. कुणाला ओळखलं ते मला नीट सांगता येणार नाही.

मग ते थांबलं आणि त्याने मान एका बाजूला वळवून धरली. दोनदा बोलावलं होतं. आता काय सांगायचं आहे ते ऐकायला ते उभं होतं.

तिसरी हाक मारायची आणि सांगायचं. मी त्यासाठीच गेलो होतो. शब्द पाठ होते. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की हे त्याला आजवर कुणीच सांगितलेलं नाही. अजून संध्याकाळ झाली की घरी यायचं असतं, एवढंच त्याला माहीत आहे.

"लुई-मार्सेलँ," मी मोठ्याने म्हणालो. "तू गेलास. आता इकडे येऊ नकोस."

वर्गात दुसऱ्याच मुलाचं नाव पुकारलं की बाकीची मुलं जशी बघत राहतात, तसं ते बघत राहिलं.

मी वळलो आणि निघालो. रिवाजाप्रमाणे मागे पाहिलं नाही. वाळूत माझ्या पावलांखेरीज आणखी पावलं वाजत होती. मूल मागून येत असलं की आपण चाल कमी करतो. फाटकापर्यंत येता येता माझीही चाल आपोआप कमी झाली.

७

"सांगितलंस?" क्लेमांसने विचारलं.

"सांगितलं."

"तिसरी?"

"तिसरी."

ती हातावर रेलून उठून बसली. मग म्हणाली, "थोडी पेज दे." मी कण्या पातळ करून दिल्या. तिने वाटी संपवली आणि लोणचं मागितलं. रात्री ती घोरली. ते ऐकत मी पडून होतो.

त्यानंतर ती भराभर सुधारली. एदमेने डॉक्टरांना कळवलं आणि गावभर स्वतःची पाठ थोपटून घेतली. "मी सांगितलं म्हणून," ती म्हणायची. "नाहीतर आमचे भाऊजी अजून विचारच करत बसले असते." क्लेमांस फ्लोरीनबरोबर पुन्हा पाण्यात जाऊ लागली. एके दिवशी हातभर लांब ऑक्टोपस घेऊन आली, दगडावर आपटून आपटून मऊ केला, काठीवर वाळत घातला. संध्याकाळी गावात हाका सुरू व्हायच्या तेव्हा ती चुलीपाशीच बसून राहायची.

"आवाज गेला, बघ," ती म्हणाली. "घर हलकं वाटतंय."

मी हो म्हणालो.

तो गेला नव्हता. आता तो घळीतून येत नव्हता, एवढंच. शाळेच्या मागच्या आवारात यायचा, मधल्या सुट्टीत, मुलांच्या गोंगाटाखालून. बसथांब्यामागे यायचा. घरी, ज्या खोलीत मुलाचा पलंग आहे तिथल्या खिडकीबाहेर यायचा. इतर कुणी मान वळवायचं नाही. मी कानांच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं. आमच्याकडे तो महिन्यातून एकदाच येतो.

जेवण मला जाईना. त्यात विशेष काही नव्हतं, भूक लागत नव्हती. उन्हाळ्यात होतं असं. एकदा मी फळ्यावर लिहीत असताना पुढच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "मास्तर, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"खडूची धूळ," मी म्हणालो. तिने कंपासपेटी उचलून दप्तरात टाकली.

८

काल संध्याकाळी क्लेमांसने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. मी कण्यांमधून चमचा फिरवत होतो.

"कोणत्या नावाने सांगितलंस?" तिने विचारलं.

मी चमचा ताटात ठेवला.

"मला तेव्हाच विचारायला हवं होतं. भूक लागली होती म्हणून विचारलं नाही." तिने ताट बाजूला सरकवलं आणि माझ्या मनगटाभोवती बोटं धरली. बोटं सहज जुळली. "कागदावरच्या?"

"हो."

"कसा रे तू," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. "किती दिवस उभं ठेवणार आहेस त्याला? मी ठेवलं तीन महिने. मला माहितेय ते काय असतं. आता पुरे."

बाहेर हाका सुरू झाल्या होत्या. फ्लोरीनची ऐकू आली, म्हातारीची ऐकू आली. क्लेमांस उठली, हात पुसले आणि अंगणात गेली. मी मागोमाग गेलो. चालताना मला हातांची कोपरं अंगाला घट्ट धरावी लागत होती, नाहीतर हात आपोआप हलू लागत.

ती गडग्याशी उभी राहिली. पहिली हाक तिने पूर्वीसारखीच मारली, शेवट वर चढवून. गावातल्या हाका थांबल्या. तिने दुसरी हाक मारली.

ते घळीतून वर आलं. मी ते तिच्या खांद्यावरून पाहिलं. गडग्यापलीकडे, ताडांच्या खाली, उजेड पुरेसा होता. ते चालत आलं आणि गडग्याशी येऊन थांबलं, आणि तिला ते दिसत होतं की नाही मला कळलं नाही, कारण ती सरळ समोर बघत होती आणि तिचा श्वास नेहमीचा होता. त्याचा चेहरा पूर्ण ओला होता. त्याने मान वळवून धरली.

क्लेमांसने छाती भरून श्वास घेतला. तिचा आवाज कापणार नाही हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. तिला जमणार होतं. माझं खाणं, माझी झोप, सगळं परत येणार होतं, तिचं आलं तसं.

"सोलितेर," ती म्हणाली, "तू..."

मी मागून तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिने तो काढायचा प्रयत्न केला नाही. तिचे ओठ माझ्या तळव्यावर हलत राहिले, वाक्य पुरं होईपर्यंत. गडग्यापलीकडून त्याने मान आणखी जराशी पुढे केली, नीट ऐकू आलं नाही म्हणून.